सर थॉमस मोरच्या अभ्यासाची प्राथमिक साधने : शोध आणि चिकित्सा

प्रस्तावना

सर थॉमस मोर हे नाव आपल्याकडील पदवी व पदव्युत्तर वर्गांत अनेक वाटांनी येते. राज्यशास्त्राच्या वर्गात तो 'युटोपिया' या ग्रंथाचा कर्ता असतो. इतिहासाच्या वर्गात आठव्या हेन्रीच्या धर्मविषयक धोरणाला शरण न जाता १५३५ मध्ये शिरच्छेद पत्करणारा लॉर्ड चॅन्सेलर असतो, तर इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात रॉबर्ट बोल्टच्या १९६० च्या नाटकाचा नायक असतो. रोमन कॅथलिक चर्चने त्याला १८८६ मध्ये धन्य आणि १९३५ मध्ये संत घोषित केले. सन २००० मध्ये राजकारणी व राज्यकर्ते यांचा आश्रयदाता संत म्हणूनही त्याची घोषणा झाली. उलट हिलरी मँटेलच्या २००९ च्या कादंबरीत हाच मनुष्य कठोर आणि छळवादी दिसतो. प्रबोधनकाळातील एका मानवतावादी लेखकाच्या इतक्या परस्परविरोधी प्रतिमा प्रचलित असताना विद्यार्थ्याने "यातला खरा मोर कोणता?" असे विचारल्यास अध्यापकाने कोणत्या कागदाकडे बोट दाखवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठी इतिहासलेखनाच्या परिभाषेत ज्याला अस्सल साधन म्हणतात त्याची मोरच्या बाबतीत वाण नाही. अडचण वेगळीच आहे. उपलब्ध साधनांपैकी बहुतेक त्याच्या आप्तांनी, मित्रांनी किंवा शत्रूंनी जपलेली, छापलेली वा रचलेली आहेत. त्यामुळे साधन हाती लागले म्हणजे शोध संपला असे होत नाही. ते कोणी, केव्हा आणि कशासाठी जतन केले, हा प्रश्न लगेच पुढे येतो.

जन्मतारखेची नोंद

प्राथमिक साधन म्हणजे निर्विवाद साधन, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो आणि तो काही अध्यापकांतही नसतोच असे नाही. मोरची जन्मतारीख हा या समजावर उत्तम उतारा आहे. त्याचे वडील जॉन मोर यांनी आपल्या मुलांचे जन्म एका लॅटिन हस्तलिखिताच्या पानांवर टिपून ठेवले होते. हे हस्तलिखित केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे आणि त्यातील नोंदी विल्यम ऑल्डिस राइट या विद्वानाने १८६८ मध्ये उजेडात आणल्या. खुद्द पित्याच्या हातची नोंद, याहून अधिक अस्सल काय असावे?

परंतु ही नोंद स्वतःशीच जुळत नाही. चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीचे सतरावे वर्ष, फेब्रुवारीची ७ तारीख आणि शुक्रवार असे तीन तपशील तीत दिले आहेत. सतरावे राज्यवर्ष धरल्यास साल १४७८ येते. पण त्या वर्षी ७ फेब्रुवारीला शनिवार होता. शुक्रवार व ७ तारीख ही जोडी १४७७ मध्ये जुळते, मात्र तेव्हा राज्यवर्ष सोळावे होते. वार आणि राज्यवर्ष दोन्ही खरे धरले तर तारीख ६ फेब्रुवारी १४७८ अशी होते. पित्याने वार चुकवला, तारीख चुकवली की वर्ष, हे ठरवण्याचे साधन नोंदीच्या बाहेर शोधावे लागते. म्हणूनच निरनिराळ्या संदर्भग्रंथांत १४७७ आणि १४७८ अशी दोन्ही वर्षे आढळतात. जुन्या मराठी कागदांतील शक, संवत्सर, तिथी व वार यांचा मेळ घालणाऱ्या अभ्यासकाला ही डोकेदुखी नवी वाटणार नाही.

मोरचे स्वतःचे लेखन

'युटोपिया'ची पहिली आवृत्ती १५१६ मध्ये लुव्हें येथे दिर्क मार्टेन्सने छापली. १५१७ मध्ये पॅरिसची आवृत्ती निघाली आणि १५१८ मध्ये बाझल येथे फ्रोबेनच्या मुद्रणालयातून मार्च व नोव्हेंबर अशा दोन आवृत्त्या बाहेर पडल्या. ग्रंथ लॅटिन आहे. पहिले इंग्रजी भाषांतर राल्फ रॉबिन्सनने १५५१ मध्ये, म्हणजे मोरच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, प्रसिद्ध केले. आज आंतरजालावर विनामूल्य मिळणारे आणि म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती सर्वप्रथम पडणारे इंग्रजी रूप बहुधा गिल्बर्ट बर्नेटचे, १६८४ मधले असते. मूळ ग्रंथानंतर १६८ वर्षांनी झालेल्या भाषांतरातील एखाद्या शब्दावर मोरच्या राजकीय विचाराची इमारत उभी करणे धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. शिवाय आरंभीच्या आवृत्त्यांत पीटर जाइल्स, ब्यूदे, बुस्लाइडेन इत्यादी विद्वानांची पत्रे, काल्पनिक लिपी, नकाशा असे साहित्य जोडलेले होते आणि ते आवृत्तीगणिक बदलत गेले. आधुनिक स्वस्त आवृत्त्यांत ते बहुधा गाळलेले असते. ग्रंथ गंभीर प्रस्ताव आहे की विद्वानांमधील विनोद, या जुन्या वादात याच जोड साहित्याची साक्ष महत्त्वाची ठरते.

मूळ ग्रंथापर्यंत गेल्यावर भारतीय वाचकाला एक अनपेक्षित संदर्भ भेटतो. युटोपियाचे वर्णन करणारा प्रवासी राफाएल हिथ्लोडे परतीच्या वाटेवर सिंहलद्वीपाहून कालिकतला पोहोचतो आणि तेथे त्याला पोर्तुगीज गलबते मिळतात. वास्को द गामा कालिकतला आल्याला तेव्हा अवघी अठरा वर्षे झाली होती. लंडनमधील एका वकिलाच्या कल्पनेत मलबार किनारा इतक्या लवकर शिरला होता.

मोरचे इंग्रजी लेखन एकत्र छापले ते त्याचा भाचा विल्यम रॅस्टेल याने, १५५७ मध्ये. हा जवळपास दीड हजार पानांचा ग्रंथ राणी मेरीला अर्पण केलेला आहे. मेरीच्या राज्यात इंग्लंड पुन्हा पोपच्या अधिकाराखाली आले होते आणि त्या वातावरणात मोरचे ग्रंथ छापणे हे धर्मकार्य तसेच राजकार्यही होते. रॅस्टेलवर अभ्यासकांचा विश्वास आहे, कारण तिसऱ्या रिचर्डच्या इतिहासासारख्या ग्रंथाची आधीची छापील रूपे भ्रष्ट असल्याचे सांगून त्याने मोरच्या स्वहस्ताक्षरातील प्रत वापरल्याचे नोंदवले आहे. परंतु ती प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे अस्सल प्रतीची ग्वाही आहे, अस्सल प्रत नाही.

स्वहस्ताक्षरातील एका ग्रंथाची गोष्ट मात्र सुदैवी ठरली. टॉवरमध्ये कैदेत असताना मोरने ख्रिस्ताच्या अटकेपूर्वीच्या व्यथेवर लॅटिनमध्ये लिहिलेले भाष्य त्याची नात मेरी बॅसेट हिच्या इंग्रजी भाषांतरातून १५५७ च्या संग्रहात आले होते. मूळ हस्तलिखित १९६३ मध्ये जेफ्री बुलो या इंग्रज प्राध्यापकाला स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे, आर्चबिशप हुआन दे रिबेरा याने स्थापलेल्या कॉर्पस ख्रिस्ती महाविद्यालयात आढळले. ते ग्रंथालयाच्या कपाटात नव्हते. संतांच्या पवित्र अवशेषांबरोबर ठेवलेले होते. भाविकांनी ते जपले म्हणून टिकले, आणि अवशेष म्हणून जपले म्हणूनच विद्वानांच्या नजरेतून शतकानुशतके निसटले. या हस्तलिखितातील खाडाखोड, शब्दांची अदलाबदल, ओळींवर लिहिलेले पर्याय यांतून मृत्यूची वाट पाहणारा लेखक लॅटिन वाक्य कसे घासूनपुसून घेत होता, ते दिसते. १९७६ मध्ये येल विद्यापीठाच्या समग्र आवृत्तीत ते छायाचित्रांसह प्रसिद्ध झाले.

पत्रव्यवहार

पत्र हे सर्वांत प्रामाणिक साधन, अशी एक धारणा असते. मोरच्या काळातील मानवतावाद्यांच्या पत्रांना ती जशीच्या तशी लागू होत नाही. इरॅस्मसने २३ जुलै १५१९ रोजी उलरिख फॉन हुटेनला लिहिलेल्या पत्रात मोरचे रूप, आवाज, आहार, विनोदाची आवड, घरातील वागणूक यांचे जे चित्र काढले आहे, ते पुढील प्रत्येक चरित्रकाराने वापरले. पण इरॅस्मसची पत्रे त्याच्या हयातीत, त्याच्याच देखरेखीखाली छापली जात असत आणि हेही पत्र छापले गेले. ते खासगी पत्राच्या वेषातील जाहीर शब्दचित्र आहे. त्याची किंमत त्यामुळे नाहीशी होत नाही, मात्र वाचण्याची रीत बदलते.

मोरने मुलांना, विशेषतः मुलींना, त्यांच्या लॅटिन अभ्यासाबद्दल लिहिलेली पत्रे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात वारंवार उल्लेखिली जातात. ही पत्रे आपल्यापर्यंत कशी आली? मोरचा चिटणीस जॉन हॅरिस याच्याकडे काही कागद होते. त्याची विधवा डोरोथी कॉली ते घेऊन परदेशात कॅथलिक निर्वासितांमध्ये राहिली आणि तेथे थॉमस स्टेपलटनने ते पाहून १५८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या लॅटिन चरित्रात उतरवले. मूळ कागद पुढे नाहीसे झाले. एका विधवेच्या सामानातून वाचलेल्या आणि एका धर्मप्रचारकाच्या ग्रंथातून झिरपलेल्या या मजकुरावर आज कितीतरी विधाने उभी आहेत. स्टेपलटनने काय गाळले, याचा अंदाज करण्यास आता काही मार्ग उरलेला नाही.

टॉवरमधील पत्रे याहून वेगळी आहेत. १३ एप्रिल १५३४ रोजी लँबेथ येथे शपथ नाकारल्यानंतर मोरने मुलगी मार्गारेट रोपर हिला घडलेला प्रकार सविस्तर कळवला. शेवटचे पत्र ५ जुलै १५३५ चे, शिरच्छेदाच्या आदल्या दिवशी कोळशाने लिहिलेले. १५३४ च्या ऑगस्टमध्ये मार्गारेटने आपली सावत्र बहीण अ‍ॅलिस अ‍ॅलिंग्टन हिला लिहिलेल्या दीर्घ पत्रात पिता व कन्या यांचा संवाद आहे. तो इतका कसून रचलेला आहे की हे पत्र मार्गारेटचे की तिच्या नावाने मोरनेच लिहिलेले, अशी शंका खुद्द १५५७ च्या संग्रहातच नोंदवलेली आहे. कन्येच्या विद्वत्तेचे मोठेपण मान्य असलेल्या अभ्यासकांनाही या प्रश्नाचा निकाल लावता आलेला नाही. सारी पत्रे एकत्र पाहावयाची असल्यास एलिझाबेथ फ्रान्सिस रॉजर्स यांनी संपादित केलेला १९४७ चा संग्रह आजही आधारभूत आहे. इरॅस्मसच्या पत्रांसाठी पी. एस. अ‍ॅलन यांची १९०६ ते १९५८ या काळात निघालेली बारा खंडांची आवृत्ती पाहावी.

जवळच्या माणसांनी लिहिलेली चरित्रे

मोरचा जावई विल्यम रोपर याने मेरीच्या राज्यात सासऱ्याच्या आठवणी लिहून काढल्या. त्या निकोलस हार्प्सफील्डला विस्तृत चरित्र लिहिण्यासाठी हव्या होत्या. रोपरचे पुस्तक लहान, सरळ आणि अतिशय वाचनीय आहे. मोरविषयी जे प्रसंग सर्वांना ठाऊक असतात त्यांतले पुष्कळसे येथूनच आले आहेत. पण लेखनकाळ मोरच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांचा आहे, हे विसरता येत नाही. त्यातील संवाद अवतरणात दिलेले असले तरी ते आठवणीतले संवाद आहेत. पुस्तक छापले गेले १६२६ मध्ये, तेही इंग्लंडबाहेर. हार्प्सफील्डचे चरित्र तर १९३२ पर्यंत हस्तलिखितातच राहिले. त्याच्या केंब्रिज येथील एका प्रतीवर, १५८२ मध्ये मोरच्या नातवाला अटक झाली तेव्हा कॅथलिकांचा कुप्रसिद्ध पाठलाग करणाऱ्या रिचर्ड टॉपक्लिफला ती त्याच्या अभ्यासिकेत सापडल्याची नोंद आहे. चरित्रग्रंथ बाळगणे हाच जेथे संशयाचा विषय होता, तेथे त्या ग्रंथात तटस्थता शोधणे व्यर्थ होय.

खटल्याचे कागद

मोरच्या अभ्यासात साधनचिकित्सेची खरी कसोटी लागते ती १ जुलै १५३५ च्या खटल्यात. १५३४ च्या राजद्रोहाच्या कायद्याने राजाचे पद द्वेषबुद्धीने नाकारणे हा गुन्हा ठरवला होता. मोरने राजाच्या धर्मप्रमुखत्वाबद्दल मौन पाळले होते. १२ जून रोजी सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच टॉवरमध्ये मोरची पुस्तके काढून नेण्यासाठी गेला असता दोघांत बोलणे झाले; त्यात मोरने संसदेला तसा अधिकार नाही असे म्हटल्याची साक्ष रिचने दिली. त्या साक्षीने एका माणसाचे मस्तक गेले. रिच खोटे बोलला काय, हा प्रश्न म्हणून केवळ पुस्तकी नाही.

येथे चार प्रकारची साधने समोर आहेत. पहिले लॅटिन आरोपपत्र व न्यायालयीन नोंद, जी 'गुप्त कागदांची थैली' असा अर्थ असलेल्या लॅटिन नावाच्या दप्तरात होती आणि आता लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. दुसरे, टॉवरमधील संभाषणाचे इंग्रजी टिपण. तेही त्याच अभिलेखागारात असून फाटलेले आणि जागोजाग न वाचता येणारे आहे. तिसरे, खटला व मृत्यू यांची हकिकत देणारे फ्रेंच वृत्तपत्रक. त्याचाच एक लॅटिन भाऊबंद १५३५ मध्येच बाझलला छापला गेला. चौथा रोपर. त्यानुसार मोरने भर न्यायालयात रिचला खोटी शपथ घेणारा ठरवले, आणि तेथे उपस्थित असलेल्या दोन साक्षीदारांनी आपण पुस्तके बांधण्यात गुंतलो होतो, बोलण्याकडे लक्ष नव्हते, असे सांगितले. रोपर स्वतः न्यायालयात नव्हता. आपली माहिती कोणाकोणाकडून मिळाली त्यांची नावे त्याने प्रामाणिकपणे दिली आहेत.

आश्चर्याची बाब अशी की फ्रेंच वृत्तपत्रकात आरोपांची चर्चा आहे, पण रिचच्या साक्षीचा तो नाट्यमय प्रसंग नाही. आणि रोपरकडे नेमका तोच प्रसंग ठळक आहे. या विसंगतीचा उलगडा करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९६४ मध्ये जे. डंकन एम. डेरेट यांनी केला. आपल्याकडील वाचकांना डेरेट हे हिंदू कायद्याचे व्यासंगी अभ्यासक म्हणून परिचित आहेत. त्यांनीच मोरच्या खटल्याची फेरमांडणी करावी, हा योग मोठा गमतीचा. आरोप चार होते, मोरच्या कायदेशीर आक्षेपांमुळे तीन गळून पडले आणि उरलेला एकच रिचच्या साक्षीवर टिकला, अशी त्यांची मांडणी. वृत्तपत्रक आणि रोपर एकाच खटल्याचे वेगवेगळे टप्पे सांगत आहेत, असे तीतून निष्पन्न होते. पुढील अभ्यासकांनी, विशेषतः २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खटल्यावरील एका ग्रंथात, तिच्यावर शंका घेतल्या आहेत. फाटक्या टिपणातील संभाषण आणि आरोपपत्रातील शब्द शेजारीशेजारी ठेवले तर, रिचने सारे रचले असे म्हणण्यापेक्षा वकिलांमधील 'समजा असे झाले तर' या धर्तीच्या काल्पनिक बोलण्याला त्याने विधानाचे रूप दिले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. रोपरवर संपूर्ण भिस्त ठेवणाऱ्या नाटककाराला ही सूक्ष्मता परवडत नाही, इतिहासाच्या अध्यापकाला परवडली पाहिजे.

वधस्तंभावरील उद्गारांचेही असेच आहे. राजाचा सेवक, पण त्याआधी देवाचा, अशा अर्थाचे मोरचे वाक्य जगभर प्रसिद्ध आहे आणि त्यातील 'पण' या शब्दावर सारा भर दिला जातो. ते रोपरकडे नाही. त्याचा आधार फ्रेंच वृत्तपत्रक आहे आणि तेथे जोडशब्द 'आणि' या अर्थाचा आहे. 'पण'मध्ये राजाशी विरोध आहे. 'आणि'मध्ये दोन निष्ठांचा क्रम सांगितला आहे. आयुष्यभर राजसेवा केलेल्या वकिलाच्या तोंडी यांपैकी काय शोभते, याचा विचार ज्याने त्याने करावा. कागद मात्र दुसऱ्याच्या बाजूने आहे.

पाखंडी आणि मोर

मोर ऑक्टोबर १५२९ ते मे १५३२ या काळात लॉर्ड चॅन्सेलर होता. या काळात सहा जणांना पाखंडी म्हणून जाळण्यात आले, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. जॉन फॉक्सने १५६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हुतात्म्यांच्या ग्रंथात मोरने आपल्या बागेत कैद्यांना झाडाला बांधून फटके मारल्याच्या कथा आहेत. अशा अफवा मोरच्या हयातीतच पसरल्या होत्या, कारण १५३३ च्या आपल्या समर्थनग्रंथात त्याने त्यांना उत्तर दिले आहे. दोनच प्रसंगी आपण मारहाणीचा आदेश दिला, एक घरातील मुलाला आणि दुसरा प्रार्थनेत व्यत्यय आणणाऱ्या वेडसर मनुष्याला, असे तो सांगतो. एकीकडे शत्रुपक्षाचा तीस वर्षांनंतरचा लेखक आणि दुसरीकडे आरोपीचे स्वतःचे निवेदन, अशी ही अवघड तुलना आहे. फटक्यांच्या बाबतीत मोरवर विश्वास ठेवण्याकडे बहुतेकांचा कल आहे. पण जाळण्याच्या बाबतीत फॉक्सची साक्ष लागतच नाही. १५२९ च्या पाखंडविषयक संवादात मोरने या शिक्षेचे उघड समर्थन केले आहे. त्याच्या संतपदाचा आदर करणाऱ्याने हा ग्रंथ टाळू नये, आणि निंदकाने त्यासाठी फॉक्सकडे जाऊ नये.

चेल्सी येथील चर्चमध्ये मोरने हयातीत स्वतःसाठी कोरवून घेतलेला लॅटिन समाधिलेख आहे. त्यात आपण चोर, खुनी आणि पाखंडी यांना त्रासदायक होतो, असे त्याने लिहिले. आज तेथे असलेल्या शिलेवर 'पाखंडी' या शब्दाच्या जागी मोकळी जागा आहे. लेखाचा पूर्ण पाठ मात्र मोरने १५३३ मध्ये इरॅस्मसला पाठवला होता आणि तो इरॅस्मसच्या पत्रव्यवहारात सुरक्षित आहे.

साधने कोठे पाहावीत

येल विद्यापीठाची समग्र आवृत्ती १९६३ ते १९९७ या काळात पंधरा खंडांत पूर्ण झाली. संशोधनासाठी तीच प्रमाण मानली जाते, पण आपल्याकडील फार थोड्या ग्रंथालयांना ती परवडली असेल. तिला पर्याय म्हणून वेगेमर आणि स्मिथ यांनी संपादित केलेला, येलनेच २०२० मध्ये काढलेला एकखंडी संग्रह अध्यापनाला पुरेसा आहे. आठव्या हेन्रीच्या काळातील सरकारी कागदांचे ब्रूअर, गेर्डनर व ब्रॉडी यांनी संपादित केलेले खंड 'ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन' या संकेतस्थळावर वाचता येतात. मात्र ते कागदांचे सारांश आहेत, मूळ मजकूर नव्हे. त्यातील इंग्रजी वाक्य अवतरणात देऊन ते सोळाव्या शतकातील म्हणून खपवण्याची चूक शोधनिबंधांत सहज होऊ शकते. जुन्या छापील इंग्रजी पुस्तकांचे संहितारूप तयार करणाऱ्या प्रकल्पाचा पहिला टप्पा २०१५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला असून त्यात पंचवीस हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. फ्रान्समधील आंजे येथून १९६३ मध्ये जेर्मे मार्कादूर यांनी सुरू केलेले 'मोरेआना' हे नियतकालिक केवळ या विषयाला वाहिलेले आहे.

लॅटिन न येणाऱ्या अध्यापकाने 'युटोपिया'साठी लोगन, अ‍ॅडम्स व मिलर यांची केंब्रिजची १९९५ ची आवृत्ती घ्यावी. तीत समोरासमोरच्या पानांवर लॅटिन मूळ आणि इंग्रजी भाषांतर आहे, त्यामुळे शंका आलेला शब्द कोशात पाहता येतो.